माशांना इन्व्हर्टर, मग माणसांना का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. आमच्या हॉलमध्ये येणारा आधी मासे बघतो, मग टाकीशेजारची बॅटरी बघतो, मग मान वर करून पंखा बघतो आणि विचारतो. नणंदेने तर भर हळदीकुंकवात विचारलं, "म्हणजे लाइट गेली की मासे मजेत आणि आई घामाघूम, असंच ना गं वहिनी?" चार बायका हसल्या. मीही हसले. हातात वाणाचं ताट घेऊन कुणाशी भांडायचं?

पूर्वी मी दोन वाक्यांत विषय संपवायचे. टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडला तर मासे मरतात, पंखा बंद पडला तर माणसं फक्त चिडतात. याने आजवर कुणाचं समाधान झालेलं नाही.

आमचे भावजी इंजिनिअर आहेत. त्यांनी पेपरच्या कडेला हिशेब मांडून दाखवला. एअर पंपाला लागतात चार-पाच वॅट. बॅटरी 12 व्होल्टची, 150 अँपिअर-अवरची, म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. "वहिनी, तुमचा पंप खातो त्यापेक्षा जास्त वीज हा इन्व्हर्टर नुसता चालू राहायला खातो." लाइट गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा छोटा पंप कुर्ल्याच्या दुकानांत अगदी स्वस्तात मिळतो, हेही त्यांनी शोधून काढलं. तो माझ्याकडे आहे. खोक्यात, कपाटात. आणि पंखा? साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅटचा, तो याच बॅटरीवर कितीतरी तास चालेल. मान्य. तरी मी जोडू देत नाही, कारण आज पंखा, उद्या वायफाय, परवा टीव्ही, आणि नेमकी गरज पडेल तेव्हा बॅटरी रिकामी. हे कारण मी मोठ्या आवाजात सांगते. आवाज मोठा का लागतो, ते माझं मला ठाऊक आहे.

खरं कारण 12 ऑक्टोबर 2020 चं आहे. सोमवार होता. सकाळी दहा वाजून गेले होते. मुलाची ऑनलाइन शाळा चालू होती, यांची मीटिंग चालू होती, आणि सगळं एकदम गप्प झालं. मुंबई आणि आसपासची लाइट एकदम गेली, तो दिवस तुम्हालाही आठवत असेल, तुम्ही लोकलमध्ये अडकला असाल किंवा लिफ्टमध्ये. कळवा-पडघा वीजवाहिनी, ग्रिड, हे सगळं आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. त्या वेळी मानपाड्याच्या आमच्या चौदाव्या मजल्यावर एवढंच कळलं, की नेहमीची पाच मिनिटं होऊन गेली तरी लाइट येत नाही आणि फोनही लागत नाहीत.

हॉलच्या टाकीत सहा रेड टर्क्वॉइज प्रकारचे डिस्कस मासे होते. त्यांची मला फारशी धास्ती नव्हती. मोठी टाकी, भरपूर पाणी. कॅनिस्टर फिल्टरचं, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्यातल्या फिल्टरचं बटण मात्र मी आधी बंद केलं. बंद डब्यात काही तास पाणी कोंडलं की आतले पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू गुदमरतात, आणि लाइट आल्यावर तेच कुजकट पाणी थेट टाकीत येतं. एवढं तेव्हाही मला येत होतं.

धास्ती होती आतल्या खोलीतल्या छोट्या टाकीची. तिथे जोडी होती आणि त्यांची पिल्लं. जिऱ्याएवढी, शंभरेक तरी असतील. डिस्कसची पिल्लं पोहायला लागली की पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरच जगतात. त्या दिवसांत दोघांच्या कातडीवर बुळबुळीत थर सुटतो, तोच पिल्लांचा आहार. आईच्या अंगावरचं खाऊन झालं की ती जराशी झटकते आणि सगळा घोळका बापाकडे जातो. या जोडीने आधी कितीदा तरी अंडी घातली आणि स्वतःच खाऊन टाकली होती. पिल्लं अंगाला लागण्यापर्यंत मजल पहिल्यांदाच गेली होती. सासूबाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे खुर्ची टाकून बसायच्या. "बाप सांभाळतोय बघ," हे त्यांचं रोजचं वाक्य. त्यामागे कुणाला टोमणा होता, ते घरात सगळ्यांना कळायचं.

पाणी 30 डिग्रीला होतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते गार व्हायची भीती नव्हती. पण गरम पाण्यात मुळात हवा कमी मावते. 20 डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहतो, 30 ला साडेसात, आणि तोही पृष्ठभाग हलता असेल तर. स्पंज फिल्टर एअर पंपावरच चालणारा, म्हणजे तोही बंद. तासा-दीड तासात जोडीचे कल्ले भराभर हलायला लागले. साडेबारापर्यंत दोघं पृष्ठभागाशी आली. पिल्लं विखुरली.

मग मी तांब्या घेतला. टाकीतलंच पाणी भरायचं आणि वितीभर उंचीवरून परत ओतायचं. पाणी फेसाळतं, हवा मिसळते. हात भरून आला की सासूबाई ओतायच्या, त्यांचा थकला की मी. त्यांच्या साडीचा काठ ओला झाला होता आणि खोलीत वाऱ्याची झुळूक नव्हती. हे म्हणाले, "किती वेळ करणार?" मी उत्तर दिलं नाही. काही वेळाने मादी दचकून काचेवर आपटली. नर कोपऱ्यात काळा पडून उभा राहिला. डिस्कस घाबरला की रंग गडद होतो. मी ओतणं थांबवलं. कल्ले पुन्हा जोरात हलायला लागले. मी पुन्हा ओतायला घेतलं.

तीनच्या सुमारास सासूबाई म्हणाल्या, "अगं, खातोय तो." मी वाकून बघितलं. नर एकेक पिल्लू टिपत होता, अगदी शांतपणे, दाणे टिपावेत तसा. मग मादीही. लाइट आली तेव्हा सोसायटीभर टाळ्या वाजल्या. मोठे सगळे वाचले, हॉलमधले सहा आणि ही जोडी. पिल्लांपैकी एकही उरलं नाही.

ते ऑक्सिजनने झालं की माझ्या तांब्याने? हौशी मंडळींना विचारलं. निम्मे म्हणाले, तू ओतलं नसतंस तर जोडीच गेली असती. निम्मे म्हणाले, मोठ्या माशांना एवढे तास सहज निघतात, तू त्यांना घाबरवलंस. मी पहिल्या निम्म्यांच्या बाजूची आहे. असणारच. पण दुसऱ्यांना खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही.

त्याआधीची मी वेगळी होते. बॅकअप ठेवणाऱ्यांना मी हसायचे. "आमच्याकडे लाइट जात नाही हो," म्हणायचे, जणू ती मीच तयार करत होते. ती बाई मूर्ख नव्हती, तिचा अनुभव तसाच होता. ॲमेझॉनमध्ये कुठे पंप असतो, असं तेव्हा कुणी विचारलं तर तीही मान डोलवायची. आता मला हाच प्रश्न आला की मी म्हणते, तिथे मैलोगणती पाणी असतं, इथे चार काचा आहेत आणि त्या मी उभ्या केल्यात. मग तुम्ही विचाराल, सासूबाईंच्या चार भिंती कुणी उभ्या केल्या? यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मी चहा टाकायला उठते.

सासूबाईंना पंख्याचं विचारलं होतं. "मला काय, मी गॅलरीत बसेन," म्हणाल्या. याचा अर्थ हो की नाही, हे इतक्या वर्षांच्या संसारात मला कळलेलं नाही. त्यामुळे भावजी येत्या रविवारी वायर घेऊन आले तर मी दार उघडेन. एकच पंखा, सासूबाईंच्या खोलीतला. वायफाय नाही. नणंदेला हे तुम्हीच सांगा, मी सांगितलं तर तिला तिचा विजय वाटेल.