हॉग्ज बॅक अपडेट: पान नंबर शेवटी जुळले!

मंडळी, सुटलं! म्हणजे डॉक्टर अर्ल कुठे गायब झाला ते नाही, ते तर मागच्याच महिन्यात वाचून झालं होतं, पान नंबरांचं कोडं सुटलं.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्सची 1933 ची रहस्यकादंबरी 'द हॉग्ज बॅक मिस्टरी', गायब होणारा डॉक्टर अर्ल तिच्यातलाच. शेवटी इन्स्पेक्टर फ्रेंच उलगडा करतो तिथे क्रॉफ्ट्सने क्लूंचे पान नंबर दिलेत, की बघा, ही गोष्ट मी तुम्हाला अमुक पानावर दाखवली होती. वाचकाशी इतका चोख हिशोब ठेवणारा लेखक मला तरी दुसरा लवकर आठवत नाही. पण माझी पेपरबॅक बरीच नंतरची, मजकूर नव्याने टाइपसेट केलाय आणि शेवटचे आकडे मात्र जुन्या आवृत्तीचेच ठेवलेत, त्यामुळे सांगितलेल्या पानावर जावं तर तिथे भलतंच काहीतरी चाललेलं. याचा मला खरंच राग आला. या पुस्तकात अर्धा खेळ त्या आकड्यांवर आहे, ते तपासायचे नव्हते तर छापायचं कशाला.

आधी त्रैराशिक मांडून पाहिलं. दोन क्लू मी पहिल्या वाचनातच पकडले होते, त्यांचं जुनं पान आणि माझं पान घेऊन प्रमाण काढलं आणि बाकीच्यांना लावलं. सुरुवातीचे तीन बरोब्बर आले, मग जी गाडी घसरली ती चार पानं, सात पानं, एकदा तर अकरा पानं इकडेतिकडे. तीन रात्री यात गेल्या. चौथ्या रात्री पुस्तक नुसतं चाळत होते आणि लक्षात आलं की माझ्या प्रतीत एक प्रकरण संपलं की त्याच पानावर दुसरं सुरू होतं, आणि जुन्या आवृत्तीत प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू होत असेल तर मधली कोरी जागा पण मोजली जाणार, मग अख्ख्या पुस्तकाला एक प्रमाण लागेलच कसं!

म्हणून लंडनच्या मावसबहिणीला सांगून तिकडच्या लायब्ररीतल्या जुन्या प्रतीच्या फक्त अनुक्रमणिकेचा फोटो मागवला. ती म्हणाली, अगं क्लूची पानंच काढून पाठवते की, पण मी नको म्हटलं, शोधायचं ते आपणच. आता प्रत्येक प्रकरणाचं वेगळं प्रमाण काढलंय आणि चूक जास्तीत जास्त अर्ध्या पानाची येते. कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या पट्ट्या कापून क्लूच्या जागी घातल्यात, पुस्तक पार फुगलंय. त्यातला एक क्लू साध्या गप्पांमधल्या अर्ध्या वाक्यात आहे, मी ते वाक्य दोनदा वाचून पुढे गेले होते. सापडला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

क्रॉफ्ट्स मुळात रेल्वे इंजिनिअर, आयर्लंडमध्ये नोकरी, आजारपणात वेळ जावा म्हणून लिहायला घेतलेली 'द कास्क' 1920 मध्ये आली. 1929 ला नोकरी सोडून इंग्लंडमधल्या सरे परगण्यात राहायला गेला, म्हणजे हॉग्ज बॅकची टेकडी त्याच्या घराजवळचीच. नंतर समीक्षकांनी त्याच्यासारख्यांना 'हमड्रम' म्हणजे रटाळ म्हणून बाजूला टाकलं, ते मला अजिबात पटत नाही. इतकी पक्की जुळणी करायला पण प्रतिभाच लागते.

आणखी एक, माझ्या यादीत 'द स्ट्रेंज केस ऑफ डॉक्टर अर्ल' वेगळं पुस्तक म्हणून होतं, ते याच कादंबरीचं अमेरिकन नाव निघालं. ऑर्डर करण्याआधी कळलं हे बरं. दोन वेळा विकत घेऊ नका. आणि जुन्या प्रती ऑनलाइन घेत असाल तर आधी अनुक्रमणिकेचा आणि शेवटच्या पानाचा फोटो मागा, मला एका विक्रेत्याने 'उत्तम स्थिती' म्हणून शेवटची आठ पानं नसलेली कादंबरी पाठवलीये. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं घेताना निदान हातात घेऊन चाळता तरी येतं.

पुढे ई. सी. आर. लोरॅक या रहस्यकथा लेखिकेचं पुस्तक घ्यायचं ठरलं होतं, पण हे लिहिताना डोक्यात आलं की सी. डेली किंगच्या 1935 च्या 'ऑबेलिस्ट्स फ्लाय हाय'मध्ये पण शेवटी क्लू फाइंडर, म्हणजे कुठला क्लू कुठल्या पानावर होता त्याची यादी आहे. मग आधी तेच. लोरॅकबाई थोड्या थांबतील. कोणाकडे जुनी प्रत असेल तर प्रकरणं कुठल्या पानांवर सुरू होतात तेवढं कळवा, क्लूची पानं सांगू नका. हॉग्ज बॅकचे दोन क्लू अजून बाकी आहेत, दोन्ही एकाच प्रकरणातले, आज रात्री बसते.