आइसलँडच्या लांगयोकुल हिमनदीवर स्नोमोबाईल: आईसकट सगळ्यांनी चालवली-बसली त्याचा अनुभव

पहिलेच सांगतो, स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी मोटरसायकलसारखी गाडी) चालवणं काही अवघड नाही, तिच्यावर बसेपर्यंतच्या भानगडी मात्र लय आहेत आणि त्या कोणी सांगत नाही. सगळे फोटो टाकतात, हेल्मेट घातलेलं, मागं सगळं पांढरं, अंगठा वर. तसा फोटो आता आमच्याही घरात आहे, पण मी त्याच्या आधीचंच जास्त लिहिणार आहे, आमच्या दारव्हा तालुक्यातलं अजून कोणी गेलं तर कामी येईल.

धाकटा भाऊ नेदरलँड्सला, आयंडहोवनला नोकरीवर आहे. कधीपासून म्हणून राहिला होता की दादा, आईला घेऊन या, आणि आमचं दरवर्षी काही ना काही निघे. यंदा कापसाची उलंगवाडी लवकर आटोपली, तूर विकून झाली, पोरीची परीक्षा झाली, मे महिन्यात वावरात नांगरटीशिवाय काही नसतं आणि बाहेर ४३-४४ डिग्री ऊन, तर म्हटलं आता नाही तर कधीच नाही. आइसलँडचं खूळ भावाचं. आम्हाला ते नकाशात कुठं येते तेही धड माहीत नव्हतं.

व्हिसाचं थोडक्यात. आइसलँड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येते त्या देशांच्या गटात) आहे, त्यामुळं नेदरलँड्सच्या व्हिसावरच जाता आलं, जास्त दिवस जिथं राहायचं त्या देशाकडं अर्ज करायचा असा नियम आहे. शेतकऱ्याची पंचाईत ही की शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही म्हणून दाखवायला रिटर्नही नाही. मग सातबारा, बँकेचं स्टेटमेंट, कापूस विकल्याच्या बाजार समितीच्या पट्ट्या, सगळ्याचा इंग्रजी तर्जुमा करून लावला, आणि भावानं तिकडच्या नगरपालिकेत जाऊन सहीची खातरजमा करून घेतलेला स्पॉन्सरचा फॉर्म पाठवला, त्याच्यावरच सगळं तरलं असं मला वाटते. माणशी ९० युरो फी आणि ३०,००० युरोचं कव्हर असलेला मेडिकल इन्शुरन्स. मुंबईला बोटांचे ठसे द्यायला गेलो तर आईचे ठसे मशीन घेईना, जन्मभर निंदण-खुरपण आणि कापूस वेचणी केलेली बोटं, रेषा राहिल्याच नाहीत. तिथल्या पोरीनं ओल्या कपड्यानं पुसून, दाबून, पुन्हा पुन्हा घेतले तेव्हा कुठं झालं. आई म्हणे, "रेशनच्या दुकानातबी हेच करते ते मशीन."

आता मुद्द्याचं. स्नोमोबाईलच्या बुकिंगमध्ये एक ओळ होती की जो चालवणार त्याच्याकडं चालू ड्रायव्हिंग लायसन पाहिजे, ओरिजिनल. मोबाईलमधलं दाखवून चालत नाही. माझं एमएच-२९ चं कार्ड, त्याच्यावर मोटरसायकल, कार, ट्रॅक्टर सगळं आहे आणि मजकूर इंग्रजीत आहे, तरी भाऊ म्हणाला की रिस्क नको, इंटरनॅशनल परमिट काढून घ्या. ते यवतमाळच्या आरटीओत निघते, सारथीच्या साईटवर अर्ज, फॉर्म ४ए, डॉक्टरचं सर्टिफिकेट, पासपोर्ट-व्हिसाची कॉपी, हजार रुपये फी, एक वर्ष चालते. मिसेसचंही काढलं. ती म्हणे मी काय करू, मी तर मागं बसणार. म्हटलं राहू दे, काढून ठेव. (ती जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, रोज स्कूटीनं जाते, आणि आमच्या पांदण रस्त्यावर पावसाळ्यात जो स्कूटी चालवते तो कुठंही काहीही चालवू शकते असं माझं पक्कं मत आहे.)

ॲमस्टरडॅमहून तीन तासांचं विमान. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीनं गुल्फॉस. वाटेत गेसिरला थांबलो, तिथं स्ट्रोक्कुर म्हणून गरम पाण्याचा फवारा पाच-दहा मिनिटांनी जमिनीतून उसळते, आई तिथून हलायलाच तयार नाही, "अजून एक डाव पाहू" करत करत आमचा टाईम गेला. गुल्फॉस म्हणजे धबधबा, दोन टप्प्यांत ३२ मीटर खाली पडते, आणि ते पाणी लांगयोकुलचंच, म्हणजे ज्या बर्फावर आम्ही जाणार होतो तोच वितळून इथं येते. भावाची बायको आणि त्याचं चार वर्षांचं पोरगं इथंच थांबले, इतक्या लहान पोराला बर्फावर नेत नाहीत.

तिथून पुढं आपली गाडी चालत नाही. वरचा रस्ता मेच्या सुरुवातीला बंदच असते, बर्फ असते त्याच्यावर. कंपनीचा ट्रक घेऊन जाते, त्याचे टायर माझ्या छातीपर्यंत. बर्फ लागला तसा ड्रायव्हरनं टायरची हवा कमी केली, भरपूर कमी, आपल्याकडं एवढ्या हवेत पंक्चर समजून उतरलो असतो. हवा कमी केली की टायर पसरते, वजन जास्त जागेवर पडते, गाडी रुतत नाही. मला तर हा पाऊण-एक तासच अर्धे पैसे वसूल वाटला. पोरगी झोपली होती.

बेसवर एक शेड. आधी फॉर्म. आपल्या जबाबदारीवर चाललो, गाडीचं नुकसान झालं तर इतक्यापर्यंत भरून देऊ वगैरे. मिसेसनं भावाला प्रत्येक ओळ मराठीत सांगायला लावली, मागं लोक उभे, तिला काही फरक नाही. आईनं सही केली मराठीत, चौथीपर्यंत शिकलेली आहे ती, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. लायसन पाहिलं तर फक्त कार्ड, परमिटचं पुस्तक उघडूनही पाहिलं नाही. तरी नेलेलं बरंच.

मग कपडे, इथं खरी मजा. तुमच्या कपड्यांवरून एक जाडा अंगभर सूट, तोंडावर माकडटोपी, हेल्मेट, हातमोजे, सगळं ते देतात. आईच्या अंगावर लुगडं. स्वेटर, मोजे, आतून थर्मल सगळं होतं पण लुगडं सोडायला ती तयार नव्हती, विमानातही लुगड्यावरच आली. मला वाटलं आता इथं महाभारत होते. पण कासोट्याचं लुगडं म्हणजे दोन्ही पाय मोकळेच की, सूट आरामात वर चढला, फक्त कमरेला गोळा झाला तो मिसेसनं आत खोसून दिला. तिथली गाईड पोरगी पाहतच राहिली. जीन्सवाल्यांना जास्त त्रास झाला, जीन्स ओली झाली की वाळत नाही, हे मात्र खरंच लक्षात ठेवा, आतून जीन्स घालून जाऊ नका.

सूचना पंधरा-वीस मिनिटं. गियर नाही, क्लच नाही, बेल्टवर आपोआप होते. ॲक्सिलरेटर म्हणजे उजव्या अंगठ्याखाली एक छोटा खटका, दाबला की गाडी चालली, सोडला की हळू. डाव्या हाताला ब्रेक. पुढं घसरायच्या दोन पट्ट्या (स्की), मागं रबराचा पट्टा, हँडलच्या मुठी गरम होतात. एक वायर आपल्या सुटाला अडकवायची, माणूस खाली पडला की वायर निघते आणि इंजिन बंद. मला ट्रॅक्टरसाठी हे फार आवडलं, आपल्याकडं चालू ट्रॅक्टरवरून पडून माणसं गेलेली आहेत. अजून एक ऐकलं ते नवीन होतं, या गाडीचं इंजिन थंड ठेवायला बर्फच लागते, पट्टा बर्फ उडवते तो खालच्या पाईपांवर पडते आणि आतलं पाणी थंड होते, म्हणून नुसत्या कडक बर्फावर किंवा दगडावर जास्त वेळ नेली की गरम होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाईन सोडायची नाही. गाईड पुढं, त्याच्या चाकोरीतूनच एकामागं एक, अंतर ठेवून. कारण बर्फात भेगा असतात, वरून नवीन बर्फानं झाकलेल्या, दिसत नाहीत. कोणी मध्येच बाजूला काढून फोटोसाठी थांबायचं नाही. हे त्यानं हसत सांगतलं नाही, बाकी सगळं हसत सांगतलं.

एका गाडीवर दोघं. मी आणि पोरगी, भाऊ आणि आई, आणि मिसेस उरली. एकट्यानं घ्यायची तर जास्तीचे पैसे. भाऊ म्हणाला वहिनी, कुणा अनोळखी माणसामागं बसा, ती म्हणे, "कायले? लायसन काय शोभेले काढलं का?" भरले पैसे.

पहिले शंभर-दोनशे मीटर हात अवघडले. हँडल वळवून गाडी वळत नाही पटकन, अंग त्या बाजूला टाकावं लागते, मागच्यानंही. पोरगी उलट्या बाजूला झुकायची भीतीनं, मी ओरडून सांगायचो, हेल्मेटमध्ये काही ऐकू जात नाही. दुपारचा बर्फ मऊ झाला होता, पाऊस पडल्यावर आपल्या काळ्या मातीत मोटरसायकल जशी करते तशी मागून सरकून राहिली होती, आणि तिथंही उपाय तोच, घाबरून थांबायचं नाही, थोडी रेस देत राहायची. हे जमलं की मग हात सैल सोडला आणि नंतर खरोखर मजा आली. स्पीड ४०-५० असेल, उघड्यावर असल्यानं दुप्पट वाटते.

मध्ये ढग खाली आला. सूर्य गेला तशा सावल्या गेल्या आणि जमीन कुठं संपते, आभाळ कुठं सुरू होते काही समजेना. चढ आहे का उतार तेही समजत नव्हतं, एकदम गाडी खाली बसायची तेव्हा समजे की खड्डा होता. पुढच्याचा लाल दिवा तेवढा धरून चाललो. याची मला भीती वाटली, स्पीडची नाही वाटली. मिसेस माझ्या मागं होती, आरशात दिसे, एकसारखं अंतर ठेवून, जराही इकडं-तिकडं नाही.

वर थांबलो तेव्हा ढग उठला होता. खाली काय आहे विचारलं तर म्हणे काही ठिकाणी ५०० मीटरच्या वर बर्फ आहे. आइसलँडमधला हा दुसऱ्या नंबरचा, पहिला वातनायोकुल. पोरगी आठवीत, तिनं तोडक्या इंग्रजीत थेट विचारलं की हा वितळून राहिला आहे तर त्याच्यावर आपण पेट्रोल कावून जाळून राहिलो? मला वाटलं गाईडला राग येईल. तो म्हणाला बरोबर आहे तुझं, आणि पश्चिमेकडं हात करून सांगतलं की तिकडं ओक नावाची हिमनदी होती, २०१४ मध्ये ती संपली असं जाहीर केलं, बर्फ इतका पातळ झाला की सरकेना, आणि जो सरकत नाही त्याला हिमनदी म्हणत नाहीत. २०१९ मध्ये तिथं पाटी लावली. बाकी उत्तर त्यानं दिलं नाही, आमच्याकडंही नव्हतं, पैसे भरून आम्हीच आलो होतो.

भावानं तिथं एक सांगतलं. या गाडीच्या मागं ज्याचं नाव घेतात तो बोंबार्डिए म्हणून कॅनडाच्या खेड्यातला गॅरेजवाला. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांची खटपट तो पोरगा होता तेव्हापासूनच करत होता, १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला, रस्ते बर्फानं बंद, दवाखान्यात नेता आलं नाही, मुलगा गेला. नंतर १९३७ मध्ये त्यानं पट्ट्याच्या गाडीचं पेटंट घेतलं आणि मजेसाठीची छोटी स्की-डू आली ती १९५९ मध्ये. आई ऐकून राहिली होती. आमच्या नाल्याला पूर आला की पलीकडची बाळंतीण बाजेवर घालून न्यावी लागे, तिनं ते स्वतः केलेलं आहे. ती एवढंच म्हणे, "मंग ही खेळाची गाडी नव्हेच."

उतरताना सोपं. खटका सोडला की इंजिनच धरते, ब्रेक थोडा-थोडा. आईनं भावाच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, त्याला वाटलं हळू चालव म्हणते, त्यानं हळू केली तर तिनं अजून मारल्या. खाली आल्यावर समजलं की तिला पुढच्याला गाठायचं होतं.

पैशाचं विचारतातच सगळे. माणशी वीस हजारांच्या वर गेले, मिसेसचे त्याहून जास्त. मी आकडा आईला सांगणार नव्हतो, पोरीनं सांगून टाकला. आईनं लगेच हिशोब लावला, २०२४-२५ चा क्विंटलला ७,५२१ चा हमीभाव धरला तरी माणशी पावणेतीन क्विंटल कापूस, आणि हमीभाव आपल्याला मिळते कुठं. संध्याकाळभर बोलली नाही धाकट्याशी. रात्री साडेनऊला बाहेर लख्ख उजेड, ती खिडकीशी बसून त्याला म्हणे, "झालं ते झालं, पण पुढच्या डावाला सुनेले मोठी गाडी दे."

तर कोणाला जायचं असेल तर ओरिजिनल लायसन, लोकरीचे दोन जोड मोजे आणि गॉगल घरून न्या, हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते. सकाळची वेळ घ्या, बर्फ कडक राहते आणि पहिल्यांदा चालवणाऱ्याला बरं पडते. टोंगळे (गुडघे) किंवा कंबर दुखत असेल तर मागं बसू नका, सगळे धक्के मागच्यालाच बसतात, आईची मजबूत आहे म्हणून निभलं. आणि जेवण करून जा, वर चहासुद्धा मिळत नाही, आम्ही खाली गुल्फॉसला येऊन घरून नेलेल्या दशम्या अन् चटणी गाडीत बसून खाल्ली.