बांधावरचा चहा

आज गावाकडं मोजणी होती. सकाळी ९ पासून बांधावर उभा, मोजणीवाले आले रोव्हर (उपग्रहाच्या मदतीनं जागा मोजायचं यंत्र) घेऊन आणि शेजारचे आण्णा आले छत्री घेऊन, तोंड फिरवून. दरवर्षी नांगरताना त्यांचा ट्रॅक्टर बांध कोरतो असं आमच्या वडलांचं म्हणणं, आणि त्यांचं म्हणणं नेमकं हेच आमच्याबद्दल. खुणा रोवल्यावर कळलं की एका टोकाला बांध आमच्यात सरकलाय आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्यात, म्हणजे दोघंही चोर!!

खरी भानगड वाटेची आहे. ऊस काढायचा तर गाडी त्यांच्याच बांधावरून जाते आणि दिवाळीत त्यांनी तिथं काटेरी फांद्या टाकल्या. वकील म्हणाले, चालू वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडं दावा टाका पण ६ महिन्यांच्या आत, नवीनच वाट मागायची असेल तर मग जमीन महसूल कायद्याचं कलम १४३. अर्ज लिहून खिशातच ठेवलेला.

पण दुपारी आण्णांनीच हाक मारली, "पोरा, चहा घे." घेतला. फांद्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. अर्ज अजून खिशातच आहे, मुदत पुढच्या महिन्यात संपतेय.