हे पायपुसणंच नाही का?

हा प्रश्न तुम्हीही विचारलात, म्हणून सांगते. कापडातून कला घडवणाऱ्या बायकांबद्दल कुठेही बोलायला गेले आणि हार्मनी हॅमंड या अमेरिकन चित्रकर्तीच्या कामाचे फोटो पडद्यावर आले, की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे पायपुसणंच नाही का?"

दिसतं तसंच. चिंध्यांच्या वेण्या घालायच्या आणि त्या गोल गोल गुंडाळत टाके घालत जायचं, हे आपल्या घरांतही चालतं. हॅमंडने १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये तेच केलं. कपड्यांच्या कारखान्यांबाहेर टाकून दिलेलं कापड उचलून आणलं आणि 'फ्लोअरपीसेस', म्हणजे जमिनीवर मांडायची कामं, शिवली. नंतर त्यांवर ॲक्रिलिक रंग लावला, तोही सगळीकडे नाही. त्यामुळे एका पेडावर कापडाचा मूळचा रंग, तर शेजारच्यावर ब्रशचा. कुठला कुठे संपतो ते चटकन कळत नाही. माझ्या लेखी हे पेंटिंगच, फक्त जमिनीवर ठेवलेलं. त्याच काळात कार्ल आंद्रे हा अमेरिकन शिल्पकार धातूचे पत्रे जमिनीवर मांडत होता, लोक त्यांवरून चालतही. ते शिल्प. चिंध्या दिसल्या की मात्र आपल्याला घरकाम आठवतं!

पण असलं काम तिने दाखवलं कुठे, हे कोणी विचारत नाही. खरं तर सांगण्यासारखं तेच आहे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियम या कलासंग्रहालयाच्या वार्षिक प्रदर्शनात १४३ कलाकार होते, त्यांत बायका ८. मग १९७२ च्या सप्टेंबरात २० जणींनी मिळून न्यूयॉर्कच्याच सोहो भागातल्या वूस्टर स्ट्रीटवर ए.आय.आर. गॅलरी उघडली. बायकांनी बायकांसाठी चालवलेली ही अमेरिकेतली पहिली सहकारी गॅलरी. हॅमंड संस्थापकांपैकी एक, चित्रकार नॅन्सी स्पेरोही त्यांतलीच. वर मालक नाही. वर्गणी काढायची, निर्णय सगळ्यांनी बसून घ्यायचे (बैठका लांबत असणारच), जागेची डागडुजीसुद्धा आपणच करायची. त्या बदल्यात प्रत्येकीला प्रदर्शनाची पाळी, आणि त्यात काय मांडायचं ते तिचं तिने ठरवायचं. हे विकलं जाईल का, असं विचारणारं कोणी नाही. हॅमंडवरच्या लेखांत ही गॅलरी एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही. ही जागा नसती, तर पुढचं बरंच काम तिच्या स्टुडिओतच पडून राहिलं असतं.

गॅलरी आजही चालू आहे, आता ब्रुकलिनमध्ये. आणि २०२४ च्या व्हिटनी बिएनालेत, म्हणजे त्याच म्युझियमच्या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या प्रदर्शनात, हॅमंडचं काम होतं. तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती.