तारण झालं, मग ऐकायचं कशाला?

येशूवरच्या विश्वासाने तारण (पापातून सुटका) झालं, तर मग देवाच्या आज्ञा पाळायच्या कशाला, आणि पडलं तर ते तारण जातं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. उभ्या उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही.

नागपुरात तो दोन तोंडांनी येतो. शेजारचे काका म्हणतात, "तुमच्यात बरं आहे, येशूवर विश्वास ठेवला की तारण. मग कसंही वागा, काय फरक पडते?" आणि मंडळीतली (चर्चमधली) कॉलेजची पोरं उपासना संपल्यावर, चपला शोधता शोधता, हळूच विचारतात, "मी परत तेच केलं. माझं तारण गेलं का?" काकांच्या लेखी आज्ञापालनाला काहीच किंमत नाही, पोरांच्या लेखी सगळी किंमत त्यालाच. दोघांनीही त्याला पैसा समजलं आहे. एकाला वाटतं बिल आधीच भरलंय, दुसऱ्याला वाटतं हप्ते थकलेत.

आधी शब्द बघू. बायबलच्या नव्या कराराच्या ग्रीकमध्ये आज्ञापालनाला हुपाकोए म्हणतात. हुपो म्हणजे खाली आणि पुढचा भाग ऐकण्याचा. टिकून राहण्याला हुपोमोने म्हणतात, म्हणजे खाली राहणं, ओझं आलं तरी त्याखालून न निसटणं. मराठी माणसाला यातलं निम्मं शिकवावं लागत नाही. "पोरगं ऐकत नाही" म्हटलं की कोणी त्याचे कान तपासायला नेत नाही. उरलेलं निम्मं नागपुरी माणसाला येतं. "काय करून राहिला?" "जेवून राहिलो." पुण्याकडचे यावर हसतात, हसू देत. चालू क्रियेला राहण्याची जोड देणारं हे व्याकरण प्रेषित पौलाच्या फार कामाचं आहे; नव्या करारातली बरीच पत्रं त्याच्या नावावर आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१:१८) तो तारणाबद्दल चालू काळात बोलतो. तिथे आपल्याकडे सरळ म्हणता येतं, आपलं तारण होऊन राहिलं आहे.

त्याच पौलाने इफिसकरांस (२:८) तारण झालेलं आहे असं लिहिलं आणि रोमकरांस (५:९) ते होईल असं. तिन्ही काळ खरे आहेत. काका 'झालं'वर थांबतात, ती पोरं 'होईल'च्या भीतीत जगतात, आणि रोजचं ऐकणं तर मधल्या 'होऊन राहिलं'मध्ये घडतं. इफिसकरांसमधलीच आणखी एक गंमत: पाठांतराला बहुतेक ८ आणि ९ ही वचनं देतात, कृपेने, कर्मांनी नव्हे. दहावं वचन राहून जातं. त्यात म्हटलंय की सत्कृत्ये करण्यासाठीच आपल्याला घडवलं आहे. कर्मांनी नाही पण कर्मांसाठी, हा भेद एका वचनाच्या अंतरावर आहे.

क्रम चुकला की सगळं चुकतं, आणि क्रम समजायला अब्राहामासारखा माणूस नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात तो देवावर विश्वास ठेवतो आणि ते त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून धरलं जातं. २२व्या अध्यायात तो देवाच्या आज्ञेवरून आपला मुलगा इसहाक याला बळी द्यायला घेऊन मोरियाच्या डोंगराकडे निघतो. यांच्यामध्ये किती काळ गेला? दासी हागारेपासून इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता, आणि तो जन्म १५व्या अध्यायानंतरचा. इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. डोंगराच्या वेळी मुलगा लाकडं वाहून नेण्याएवढा झाला होता. म्हणजे विश्वास आणि ती मोठी आज्ञा यांच्यात चौदाहून बरीच जास्त वर्षं गेली, आणि ती काही स्वच्छ गेली नाहीत. हागारेचं प्रकरण मधलंच, आणि बायको सारा हिला आपली बहीण आहे असं अबीमलेखाच्या राज्यात सांगणंही मधलंच. पौल रोमकरांस लिहिताना १५व्या अध्यायावर बोट ठेवतो, नव्या करारातलं दुसरं एक पत्र लिहिणारा याकोब २२व्यावर. दोघांचं भांडण लावून देणारे हे विसरतात की याकोबाने १५वा अध्यायही उद्धृत केला आहे, आणि डोंगरावर तो शास्त्रलेख पूर्ण झाला असं म्हटलं आहे.

संत्र्याच्या मुलखात राहणाऱ्यांना हे कलमेवरून लवकर कळतं. (पौलानेही जैतुनाची कलम सांगितली आहे, पण उलटी, रानटी फांदी चांगल्या झाडावर. हे निसर्गाविरुद्ध आहे, असं त्याने स्वतःच कबूल केलं.) काटोल, नरखेडकडची संत्र्याची कलम सरळ असते. खुंट जंभेरीचा, म्हणजे काटेरी रानलिंबाचा, त्यावर जमिनीपासून वीतभर उंचीला संत्र्याचा डोळा (फुटणारी कळी) भरलेला. डोळा धरला की झाड संत्र्याचं झालं. त्या दिवशी त्याला एकही फळ नसतं, तरी ते संत्र्याचंच. पण खालचा खुंट मेलेला नसतो. जोडाच्या खालून फुटवे येतात, काटेरी, जोमदार, वरच्या फांदीपेक्षा तजेलदार. नवख्याला वाटतं झाड छान फुटलंय. राहू दिले तर रस सगळा तेच ओढतात आणि काही वर्षांनी बागेत जंभेऱ्या लागतात. कोवळे असताना फुटवे अंगठ्याने मोडता येतात, जून झाले की आरी लागते.

आज्ञापालन म्हणजे बरंचसं हे अंगठ्याचं काम. आणि काकांना सांगायचं ते हे, की जो म्हणतो डोळा धरलाय, आता फुटव्यांकडे बघायची गरज नाही, त्याने बाग कधी ठेवलेली नाही. पण उलटंही तितकंच खरं. डोळाच मेला असेल तर सगळे फुटवे मोडून हाती फक्त खुंट उरतो. नुसत्या नियमांवर चालणारी काही घरं अशीच दिसतात, स्वच्छ आणि निष्फळ.

आता पोरांचा प्रश्न. तारण जातं का?

यावर ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही, आणि तसं दाखवणारा तुम्हाला फसवतो आहे. प्रेस्बिटेरियन परंपरेचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासपत्र १७व्या अध्यायात म्हणतो की खरे विश्वासणारे कृपेतून पूर्णपणे आणि कायमचे पडू शकत नाहीत. वेस्लीच्या मेथडिस्टांनी सांगितलं, पडू शकतात, म्हणून जागे राहा. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये ठरवलं की शेवटपर्यंतची चिकाटी ही देणगी आहे, आणि खास प्रकटीकरणाशिवाय ती आपल्याला मिळणारच अशी पक्की खात्री कोणी बाळगू नये. गंभीर पापाने कृपा जाते, पापकबुलीने परत मिळते. पण त्या गंभीर पापालाही तीन अटी आहेत: गोष्ट गंभीर हवी, ती पूर्ण माहीत असून केलेली हवी, आणि मनापासूनच्या संमतीने केलेली हवी. घाबरलेल्या पोराला या तीन अटी कोणी सांगत नाही.

बाहेर फिरणारं "एकदा तारण, कायमचं तारण, मग काहीही करा" हे वाक्य यांपैकी कोणाचंच नाही. वेस्टमिन्स्टरच्या त्याच अध्यायाचा तिसरा परिच्छेद वाचा. विश्वासणारा भयंकर पापात पडू शकतो, काही काळ त्यात राहू शकतो, त्याचं मन कठोर होऊ शकतं, आणि त्याचे परिणाम तो भोगतो. त्या शिकवणीचं नावच मुळी संतांची चिकाटी आहे.

हे वेगळे लोक एकत्र राहू शकतात का, याचं उत्तर आपल्याच शहरात आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये झाली. सहा मंडळ्या एक झाल्या. त्यांत अँग्लिकन होते, बाप्तिस्ट होते, पडू शकत नाही म्हणणाऱ्या परंपरेचे प्रेस्बिटेरियन होते आणि पडू शकतो म्हणणारे ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन शाखांचे मेथडिस्टही. कोणी कोणाला हरवलं नाही आणि त्यानंतर प्रभुभोजनाचा मेज एकच राहिला.

हे जमतं कसं, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या २७व्या अध्यायात दिसतं. पौल कैदी म्हणून रोमला निघालेला, जहाजावर २७६ माणसं, वादळ. देवदूत रात्री सांगतो की एकाचाही जीव जाणार नाही. वचन पक्कं. मग खलाशी नांगर टाकायच्या मिषाने होडी उतरवून पळायला बघतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला (शिपायांच्या नायकाला) म्हणतो, हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपायांनी दोर कापले, होडी गेली, शेवटी जहाजही फुटलं, आणि २७६ च्या २७६ किनाऱ्याला लागले. पहिलं वचन खोटं होतं का? दुसरा इशारा नाटक होता का? वचन पुरं झालं ते इशारा ऐकल्यामुळे. इब्री लोकांस पत्रातले मागे पडणाऱ्यांना दिलेले अंगावर काटा आणणारे इशारे (६:४-६) असेच आहेत. तीनच वचनं पुढे लेखक म्हणतो, तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. ती पोरं सहाव्या वचनाशी पुस्तक मिटतात.

इथे एक कटकटीची गोष्ट सांगून टाकतो. हल्ली काही प्रार्थना-सभांत आज्ञापालन म्हणजे पुढाऱ्याचं ऐकणं असा अर्थ झाला आहे. उत्पन्नाचा दशांश अमुक ठिकाणी द्या, लग्न तमुक ठिकाणी करा, आजार बरा झाला नाही तर कुठेतरी आज्ञा मोडली असणार. शेवटच्या वाक्याला येशूनेच उत्तर दिलं आहे, जन्मांधाबद्दल, योहान ९:३ मध्ये: यानेही पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. फिलिप्पैकरांस पत्रात "भीत व कापत आपले तारण साधून घ्या" (२:१२) येतं ते चार वचनं आधी ख्रिस्त मरणापर्यंत आज्ञाधारक झाला असं सांगून, आणि लगेच पुढे, इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. आधी त्याचं ऐकणं, मग आपलं. पुढाऱ्याची जागा या साखळीत कुठे आहे ते मला तरी सापडलेलं नाही.

पडल्यावर काय करायचं, हेही विचारता. पाप नाव घेऊन कबूल करा, मोघम "आम्ही सर्व पापी" नको. ज्याचं नुकसान केलंत त्याला भरून द्या. जकातदार जक्कयाने चौपट देऊ केलं, तुम्ही निदान मुद्दल द्या. कोणाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे असं आठवलं तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याकडे जा (मत्तय ५:२४), मग परत या. आणि उत्साहावर विसंबू नका. येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जमिनीतलं बी सर्वांत आधी उगवतं. बरडावरची पेरणी आणि पावसाचा खंड ज्याने पाहिला त्याला हे सांगायला नको. शिबिरातून आल्यावर दोन महिने पेटलेला पोरगा आणि दुबार पेरणीचं शेत यांत फारसा फरक नसतो. खोली लागते, आणि ती दर आठवड्याच्या कंटाळवाण्या येण्याजाण्याने येते.

तरी एखाद्याचं मन मानत नाही. नागपूरच्या कॅथलिक कॅथेड्रलला ज्याचं नाव आहे तो फ्रान्सिस डी सेल्स पॅरिसमध्ये शिकत असताना, एकोणीस-वीस वर्षांचा, काही आठवडे याच भीतीने खंगला होता. आपण नाशासाठीच नेमलेले आहोत अशी त्याची खात्री झाली. शेवटी त्याने ठरवलं की पुढच्या जगात देवावर प्रेम करता येणार नसेल तर निदान या जन्मात तरी करीन. भीती त्यानंतर सुटली.

आणि जो दहा वर्षं मंडळीत आलाच नाही, त्याचं काय? तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात दोन नावं लागोपाठच्या वचनांत आहेत. दहाव्यात देमास, पौलाचा सहकारी, जगाचा मोह धरून सोडून गेलेला. अकराव्यात मार्क. हाही पूर्वी पंफुल्यात सोडून गेला होता, आणि त्याच्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्यात एवढी खडाजंगी झाली की दोघे वेगळे झाले. आता पौल तुरुंगात आहे, झगा मागवतो आहे, पुस्तकं मागवतो आहे, हिवाळ्याच्या आत ये म्हणतो आहे, आणि येताना मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे.