गाभण गाईला लसूणघास घालताना

चंद्री तिसऱ्या वेताला रात्री व्यायली. पहाटे गोठ्यात गेले तर ती मान वळवून तोंड कुशीवर टेकवून बसलेली. कान धरले, गार. नाकाड कोरडं ठाक. वार पडलेली नव्हती आणि मागे शेणाचा पो नव्हता. उठवायला गेले तर मागचे पाय तिला उचलेनात.

डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली शिरेतून अगदी हळू सोडली. एक कान सतत तिच्या छातीवर, कारण घाई केली तर हृदय बंद पडू शकतं. अर्धी बाटली गेली तशा तिच्या मांड्या थरथरायला लागल्या, नाकाडावर दव पडल्यासारखे थेंब आले, मग एक मोठी ढेकर, आणि बसल्या जागी शेण. हा मिल्क फिव्हर, व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घटून होणारा आजार. तोवर मी त्याला हाडांचा, पायांचा आजार समजत होते. त्या ढेकरेनं कळलं की तिचं पोटही रात्रभर थांबलेलं होतं. कोटीपोटाची, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटाची घुसळण, गर्भाशयाचं आकुंचन, सडाचं तोंड मिटणं ही सगळी स्नायूंचीच कामं आणि त्यांना कॅल्शियम लागतं. ते रक्तात कमी पडलं की वार अडकते, चौथं पोट सरकतं, कासदाह होतो. गाय खाली बसली नाही तरी आतून हे चालू असू शकतं.

मला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. शेवटचा महिना मी तिला हातानं निवडून कोवळी लसूणघास घातली होती. वर रोज कॅल्शियमची पावडर. बाकीच्या गाईंपेक्षा जास्त लाड तिचेच.

पुढचे कित्येक दिवस मी हे समजून घेण्यात घालवले. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी कॅल्शियम असतं जेमतेम 3 ग्रॅम. दहा लिटर चिकात जातं वीसेक ग्रॅम. म्हणजे व्याल्यावर तिला हाडांतून आणि आतड्यांतून ते झपाट्यानं ओढावं लागतं. त्याचा हुकूम देतं पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक. पण रक्त अल्कधर्मी झालेलं असेल तर हाडं आणि मूत्रपिंड तो हुकूम नीट ऐकत नाहीत. आणि रक्त तसं करतं मुख्यतः चाऱ्यातलं पालाश, म्हणजे पोटॅशियम. 1997 साली जेसी गॉफ आणि रोनाल्ड हॉर्स्ट या अमेरिकेतल्या संशोधकांनी हे दाखवलं: व्यायच्या आधी खाण्यात पालाश किंवा सोडियम वाढवलं तर आजार वाढला, कॅल्शियम वाढवून तसा वाढला नाही.

खाण्यातल्या क्षारांचा हिशेब असा मांडतात: सोडियम अधिक पालाश, त्यातून क्लोराइड आणि गंधक वजा. बाकी जितकी जास्त, तितकं रक्त अल्कधर्मी. नुसतं वजन घेऊन चालत नाही, विद्युतभार मोजायचा, त्याचं माप मिलिइक्विव्हॅलंट. ज्या चाऱ्यात पालाश 3 टक्के, त्याच्या एका किलो कोरड्या भागात त्याचेच सुमारे 770 मिलिइक्विव्हॅलंट येतात. व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत एकूण बाकी मात्र किलोमागे उणे 100 च्या आसपास हवी! शिवाय जास्त पालाश कोटीपोटात मॅग्नेशियम शोषू देत नाही, आणि मॅग्नेशियमशिवाय तो हुकूम पुन्हा लंगडा. माझी लसूणघास गोठ्याला लागून असलेल्या तुकड्यातली, वर्षानुवर्षं शेण आणि गोमूत्र मुरलेली. त्यात पालाश खच्चून असणारच.

आता गाय आटवली की लसूणघास बंद. मक्याचा मुरघास, वाळली वैरण, आणि शेवटचे तीन आठवडे क्लोराइड-सल्फेटची क्षारं, व्यायली की त्या दिवशी बंद. ती कडू असतात, गाई नाकं मुरडतात. पण गाय पोटभर खाईना तर सगळंच व्यर्थ, म्हणून मी बारीक लक्ष ठेवते. खाण्याचा सोडाही या काळात नाही, तो सोडियमच.

दुभत्या गाईचं गणित बरोबर उलटं. खुराक वाढला की कोटीपोटात आम्ल वाढतं, लाळेतला सोडा पुरत नाही, तिथे बाकी अधिक 250 ते 400 लागते. उन्हाळ्यात गाईच्या घामातून पालाश जातं, तेव्हा ते द्यावंही लागतं. त्यामुळे एकच खनिज मिश्रण सगळ्या गाईंना घालणं मी सोडलं.

गोठ्यातल्या कोनाड्यात आता पीएचच्या पट्ट्या असतात. योनीखाली बोटांनी हळूहळू चोळलं की गाय मुतते. पहिली धार सोडायची, मधली पट्टीवर घ्यायची. एरवी आकडा 8 च्या वर असतो. क्षारं लागू पडली की मोठ्या चणीच्या गाईत 6 ते 6.8 येतो.

लाली येत्या पंधरवड्यात व्यायची आहे. काल पट्टी 7.4 दाखवत होती. क्षारं देऊन चार दिवस झालेत, एव्हाना उतरायला हवी होती. संध्याकाळी गव्हाणीत हात घातला तर तळाशी पांढरा चुरा उरलेला, वरचं सगळं शहाणीनं चाटूनपुसून खाल्लेलं. आज सकाळी क्षारं पाण्यात विरघळवून मुरघासात हातानं कालवली आणि ती खाऊन संपवेपर्यंत शेजारी उभी राहिले.