तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या मंडळीत माणसाला वाळीत टाकतात का?

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्याच काळात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीवर, मध्ये खंड पडत, अठरा वर्षे काम केले. त्यांतील सहा वर्षे चिटणीस म्हणून. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारला जातो. प्रेसमधले जुने सहकारी भेटले की विचारतात, "तुमच्यातही जातपंचायतीसारखं वाळीत टाकतात म्हणे?" दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गातली मुले विचारतात, "काका, लग्नाआधी दोघं एकत्र राहिली तर त्यात चर्चनं का पडायचं? नाव का कापायचं?" दोघांनाही मी आजवर तुटक उत्तरे देत आलो, कारण पूर्ण उत्तर द्यायचे तर मला माझ्याच हाताने टाईप केलेल्या दोन पत्रांविषयी सांगावे लागते.

आधी व्यवस्था कशी असते ते सांगतो. बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरण झाले की माणूस प्रभुभोजनात, म्हणजे पवित्र सहभागितेत, भाग घेऊ लागतो आणि मंडळीचा पूर्ण सभासद होतो. शिस्तीचा पहिला अर्थ ही सहभागिता काही काळ थांबवणे एवढाच आहे. त्या माणसाने उपासनेला यावे, बसावे, गीते गावीत, उपदेश ऐकावा. फक्त भाकर आणि प्याला घ्यायला वेदीपाशी जाऊ नये. नोंदवहीतून नाव कमी करणे ही शेवटची पायरी, आणि माझ्या अठरा वर्षांत ती दोनदाच आली. त्या माणसाशी बोलू नका, त्याच्याकडे जेवू नका, त्याच्या घरच्या लग्नाला जाऊ नका, असा ठराव आमच्या कमिटीने कधी केला नाही. मात्र ठराव न करताही लोक तसे वागले, हे मला नाकारता येणार नाही.

या शिस्तीचा आधार नव्या करारात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम घालून दिला आहे : तुझा भाऊ चुकला तर आधी त्याला एकट्याने, एकांतात जाऊन सांग, ऐकले नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. बहुतेक गोष्टी पहिल्या पायरीवरच मिटाव्यात, दोघांच्या बाहेर त्या कुणाला कळूही नयेत, अशा बेताने हा क्रम लावलेला आहे. प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय अधिक कठोर आहे. तिथे एका पुरुषाने बापाची बायको ठेवली होती आणि मंडळी त्याबद्दल शोक करण्याऐवजी फुगून गेली होती. पौलाने त्या पुरुषाला आपल्यातून घालवून द्या असे लिहिले. त्याच अध्यायात त्याने हेही लिहिले की, बाहेरच्यांचा न्याय करणे हे आपले काम नाही, तो देव करील. म्हणून प्रेसमधल्या मित्रांना मी सांगतो की मंडळीची शिस्त शेजाऱ्याच्या घरात डोकावण्यासाठी नाही. ज्याने स्वतः उभे राहून मंडळीसमोर वचन दिले, त्याच्यापुरतीच ती आहे.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर यातच येते. आमच्याकडे लग्न दोन माणसांचे असले तरी वचन मंडळीसमोर दिले जाते आणि उपस्थित सगळे त्याचे साक्षीदार असतात. साक्षीदाराला वचनभंगाशी काहीच देणेघेणे नाही, असे मला कधी पटले नाही. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे पौल त्याच पत्राच्या पुढच्या अध्यायात म्हणतो, आणि ते मी मनापासून मानतो. व्यभिचाराने एक घर कसे आतून पोखरले जाते, मुले कशी गप्प होतात, हे मी कमिटीच्या कामात जवळून पाहिले आहे. त्यामुळे मंडळीने या बाबतीत बोलूच नये असे म्हणणाऱ्यांत मी नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. बाहेर ठेवण्याची रीत आम्ही जपली आणि परत घेण्याची रीत विसरलो. शिवाय बाहेर ठेवताना बाई आणि पुरुष यांना एक माप लावले नाही.

परत घेण्याची रीत पवित्र शास्त्रातच आहे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल एका शिक्षा झालेल्या माणसाविषयी लिहितो की, बहुतेकांनी दिलेली ही शिक्षा आता पुरे. त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा तोच आधीचा पुरुष, असे पुष्कळ अभ्यासक मानत आले. काहींना ते मान्य नाही. तो कोणीही असो, शिक्षेला शेवट असतो आणि तो शेवट मंडळीनेच बोलून दाखवायचा असतो, एवढे तिथे स्पष्ट आहे.

जुन्या मंडळीला हे ठाऊक होते. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बेसिल याने लिहून ठेवलेले नियम आज वाचताना भयंकर वाटतात : व्यभिचाराला पंधरा वर्षे सहभागिता बंद, जारकर्माला, म्हणजे अविवाहितांच्या शरीरसंबंधाला, सात. पण त्या पंधरा वर्षांच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. चार वर्षे दाराबाहेर रडत उभे राहायचे, पाच वर्षे फक्त वचन ऐकायचे, चार वर्षे गुडघे टेकायचे, दोन वर्षे सर्वांबरोबर उभे राहायचे, आणि मग वेदीपाशी यायचे. शिक्षा लांबलचक होती, तरी पहिल्या दिवशीच शेवटचा दिवस माहीत होता. याच बेसिलने दोन गोष्टी अशा लिहिल्या की त्या मी पुन्हापुन्हा वाचतो. पहिली अशी की, प्रभूचा शब्द पुरुष आणि स्त्री दोघांना सारखाच लागू आहे, पण रूढी तशी नाही. दुसरी अशी की, ज्या स्त्रियांनी व्यभिचार कबूल केला त्यांचे नाव आपल्या पूर्वजांनी उघड केले नाही, कारण ते उघड झाले तर त्यांच्या जिवावर बेतेल. त्यांनी गुपचूप सहभागितेपासून दूर राहावे आणि मुदत पुरी करावी.

जिवावर बेतेल हे शब्द नाशिककरांना परके नाहीत. २०१३ साली याच शहरात एका बापाने आपल्या गरोदर मुलीचा, तिने जातीबाहेर लग्न केले म्हणून, गळा आवळला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे 'जातपंचायतीला मूठमाती' अभियान त्यानंतर नाशकातूनच सुरू झाले आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्या दिवसांत प्रेसमधल्या कँटीनमध्ये मला तो प्रश्न पहिल्यांदा थेट विचारला गेला, आणि मी "आमच्यात तसं नसतं" असे म्हणून उठलो. ते उत्तर अर्धे खरे होते.

ते अर्धेच का, हे समजण्यासाठी आमच्या लोकांचा इतिहास लक्षात घ्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरची वसाहत उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तिथे वाढली, शिकली, हातकाम शिकली. इथल्या ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतल्या अनेकांना घर आणि जात दोन्ही सोडावे लागले. जवळच्याच जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नवराबायकोची काही वर्षे ताटातूट झाली. आमच्या आजोबा-पणजोबांना मंडळी हीच भावकी होती. लग्न तिथे, दफन तिथे, शाळेच्या प्रवेशासाठी लागणारे पाळकांचे, म्हणजे धर्मगुरूंचे, पत्र तिथले. अशा माणसाची सहभागिता थांबवली की कागदावर फक्त भाकर आणि प्याला थांबतो, पण त्याला वाटते ते वेगळेच. वाळीत टाकलेल्यांच्या वंशजांनी तरी हे ओळखायला हवे होते.

आता त्या दोन पत्रांविषयी. १९९८ च्या सुमारास आमच्या मंडळीतली एक मुलगी लग्नाआधी गरोदर राहिली. ती शिवणकाम करून आईला सांभाळत होती. मुलगाही आमच्याच मंडळीतला, लग्नाचे वचन दिलेला, आणि त्याचे वडील आमच्याबरोबर कमिटीवर बसत. बैठक झाली. तिच्याकडे एकांतात कोणी गेले नव्हते, दोघे-तिघे गेले नव्हते. मत्तयाच्या पहिल्या दोन पायऱ्या आम्ही सरळ ओलांडल्या. तिची सहभागिता बंद केल्याचे पत्र मी टाईप केले आणि त्याखाली सही केली. पुढच्या रविवारी सूचना वाचून झाल्यावर तिचे नाव वाचले गेले. त्याच आठवड्यात त्या मुलाला पुण्याला पाठवण्यात आले आणि तिथल्या मंडळीसाठी त्याला सभासदत्वाचा दाखला हवा होता. तोही मीच टाईप केला. त्यात लिहिले होते की, हे आमच्या मंडळीचे सुस्थितीतील, म्हणजे कसलाही ठपका नसलेले, सभासद आहेत. तोच टाईपरायटर, तीच फीत, तीच सही.

तेव्हाही माझा हात थांबला होता, पण मी काही बोललो नाही. पुढे मी स्वतःला समजावत असे की सगळीकडे हेच चालते. तसे पाहिले तर देशाचा कायदाही सरळ नव्हता : ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते, पण बायकोला त्याच्या व्यभिचाराबरोबर छळ, परित्याग किंवा असेच आणखी काहीतरी सिद्ध करावे लागे. ही तफावत २००१ मध्ये दूर झाली. व्यभिचाराचा गुन्हा ठरवताना बायकोला नवऱ्याची मालमत्ता धरणारे भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केले. पण मंडळीने कायद्याच्या आधी शहाणे व्हायचे असते, आणि आमच्याकडे तर बेसिलचे वाक्य सोळाशे वर्षांपासून पडून होते. करिंथमध्येही पौलाने ज्याला बाहेर काढायला सांगितले तो पुरुष होता. त्या बाईविषयी त्याने निवाड्याचा एक शब्द लिहिला नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचते. आमच्या जुन्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात असा नियम आहे की, उघड आणि कुप्रसिद्ध दुराचारी माणसाला पाळकाने बोलावून समज द्यावी आणि पश्चात्ताप होईपर्यंत प्रभूच्या मेजाकडे येऊ देऊ नये. असे कोणाला थांबवले तर पाळकाने चौदा दिवसांच्या आत बिशपला कळवावे. म्हणजे पाळकाच्या हातीही मोकळा चाबूक दिलेला नाही. त्याच नियमात एकमेकांविषयी द्वेष धरणाऱ्यांनाही थांबवायला सांगितले आहे. पण जमिनीच्या तुकड्यावरून वीस वर्षे न बोललेले दोन भाऊ एकाच वेदीपाशी शेजारी गुडघे टेकताना मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यासाठी कधी बैठक बोलावली गेली नाही.

कायद्याविषयीही विचारतात, म्हणून थोडक्यात. धर्मसमूहाने सभासदाला बहिष्कृत करू नये असा कायदा मुंबई प्रांताने १९४९ मध्ये केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्द ठरवला, आणि तो प्रश्न २०२३ मध्ये पुन्हा नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका स्त्रीने सभासदत्वाचा लेखी राजीनामा दिल्यानंतरही वडीलमंडळाने तिचे वर्तन मंडळीत वाचून दाखवले; तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितले की ती सभासद असेपर्यंतची शिस्त हा चर्चचा अधिकार, पण राजीनाम्यानंतर तो उरत नाही. मला हे न्याय्य वाटते. स्वतःहून आत आलेला माणूस स्वतःहून बाहेर जाऊ शकला पाहिजे. आणि जिथे पाळकाने किंवा शिक्षकाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीवर, विशेषतः मुलावर, हात टाकला असेल, तिथे शिस्तीची बैठक बोलावत बसणे हाच गुन्हा आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले आहे. मंडळीची शिस्त त्यानंतरची.

त्या मुलीची आई मात्र दर रविवारी येत राहिली. सहभागितेच्या रविवारी लोक वेदीकडे निघाले की त्या शेवटच्या बाकावर बसून राहत. त्यांना कोणी थांबवले नव्हते. सोळा वर्षे त्या उठल्या नाहीत आणि सोळा वर्षे आमच्यापैकी कोणी त्यांना कारण विचारले नाही. २०१४ मध्ये त्या वारल्या. दफनाच्या वेळी मुलगी आली होती, बरोबर तिचा उंच झालेला मुलगा होता. माती देऊन झाल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, तुमचं पत्र मिळालं होतं. परत कधी यायचं, ते त्यात लिहिलं नव्हतं."

त्यानंतर मी कमिटीत जे मांडले ते बऱ्याच विरोधानंतर मान्य झाले. आता व्यासपीठावरून कोणाचे नाव वाचले जात नाही. दोघांचा संबंध असेल तर निर्णय दोघांविषयी एकत्रच होतो आणि तो होईपर्यंत कोणालाही सुस्थितीचा दाखला मिळत नाही. पत्रात मुदत लिहिलेली असते, आणि दर महिन्याला त्या घरी कोण जाणार त्याचे नावही. तिच्याविषयीचा जुना निर्णय रद्द केल्याचा, आणि तो अन्यायाने घेतला गेला होता असे मान्य करणारा, ठराव झाला. त्याची प्रत घेऊन मी जेल रोडला तिच्या घरी गेलो. तिने उभ्यानेच ती दोनदा वाचली, घडी घातली, शिलाई मशीनच्या खणात ठेवली आणि मला चहा घेणार का विचारले. रविवारी येशील का, हे मी विचारले नाही. महिन्यातून एकदा मी तिकडे जातो.